मॉडेल बदलू नकोस, आधी टूल्सची वर्णनं बदल

प्रश्न: ताई, मी निफाड तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी व्हॉट्सॲपवर चालणारा एआय एजंट बनवतोय. सभासद मराठीत विचारतात आणि एजंट टूल्स (माहिती आणून देणारी छोटी फंक्शन्स) वापरून बाजारभाव, आवक, त्यांची पट्टी (मालाच्या हिशोबाची पावती), राहिलेलं पेमेंट असं सांगतो. एकूण १४ टूल्स आहेत, यादी सोबत जोडलीय. अडचण अशी की तो भलतंच टूल उचलतो. आजचा भाव विचारला की सभासदाने मागे आपल्याच कंपनीला माल कितीने दिला तो दर सांगतो. लिलाव बंद असला की 'आज भाव ० रुपये' म्हणतो. एकदा तर क्विंटलचा भाव किलोचा म्हणून सांगितला आणि ते काका थेट ऑफिसात आले. मी सिस्टम प्रॉम्प्टमध्ये (एजंटला दिलेल्या कायमच्या सूचनांमध्ये) नियम वाढवत चाललोय, तो आता तीन पानांचा झालाय, तरी एक सुधारलं की दुसरं बिघडतं. एजंटच्या मागे मोठं महागडं एआय मॉडेल घेऊ का? आणि टूल्सची वर्णनं मराठीत लिहू की इंग्रजीत? – टूल्समध्ये अडकलेला

उत्तर:

मोठं मॉडेल सध्या घेऊ नकोस. पैसे जास्त जातील आणि चुका बऱ्याचशा ह्याच राहतील, कारण दुखणं मॉडेलमध्ये नाहीये, तू त्याला जे वाचायला देतोयस त्यात आहे.

तुझी यादी मी नीट वाचली. त्यात एक टूल आहे गेट_रेट, वर्णन काय तर 'रेट आणतो'. दुसरं फेच_प्राइस, वर्णन 'प्राइस डेटा परत करतो'. तिसरं मार्केट_इन्फो, 'मार्केटची माहिती'. (नावं मी इथे देवनागरीत लिहितेय, कोडमध्ये ती रोमनच ठेव, ओपनएआय काय किंवा अँथ्रोपिक काय, मॉडेल बनवणाऱ्या या दोन्ही कंपन्यांकडे टूलच्या नावात इंग्रजी अक्षरं, आकडे, अंडरस्कोर आणि हायफन एवढंच चालतं.) आता तुला माहितीय की पहिलं टूल तुमच्या खरेदीच्या टेबलमधून सभासदाचा जुना दर काढतं, दुसरं पणन मंडळाच्या आकड्यांवरून बाजार समितीचा भाव देतं आणि तिसरं समितीचा पत्ता, फोन, लिलावाची वेळ सांगतं. तुला माहितीय कारण ते तूच लिहिलंयस. मॉडेलला कुठून कळणार? 'आज कांद्याला काय रेट निघाला' असा मेसेज आला आणि समोर रेट नावाचं टूल दिसलं तर ते तेच उचलणार ना.

एक गोष्ट पक्की डोक्यात बसव, बाकीचं सगळं त्यातूनच निघतं. प्रत्येक रिक्वेस्टबरोबर टूलचं नाव, त्याचं वर्णन आणि पॅरामीटर्सची स्कीमा (टूलला कुठली माहिती कुठल्या स्वरूपात द्यायची त्याचा आराखडा) हे तीनच मजकूर म्हणून मॉडेलपर्यंत जातात. तुझं फंक्शन आत काय करतं, टेबलचं नाव काय, कॉमेंटमध्ये तू काय लिहून ठेवलंयस, रीडमी फाइलमध्ये काय आहे, यातलं काहीही त्याला दिसत नाही. ओपनएआयने जून २०२३ मध्ये फंक्शन कॉलिंग (मॉडेलने टूल वापरायची सोय) आणलं तेव्हा हेच होतं, अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये एमसीपी (एजंटला बाहेरची टूल्स जोडायची सामायिक पद्धत) जाहीर केलं त्यातही नाव, वर्णन, इनपुट स्कीमा हेच आहे. पद्धती बदलल्या तरी मॉडेलला टूल कळतं ते याच तीन गोष्टींतून. म्हणजे वर्णन हा प्रॉम्प्टच आहे, आणि तू तीन पानं प्रॉम्प्ट लिहिलास पण जिथे लिहायला हवं होतं तिथे दोन शब्द लिहिलेस.

ओपनएआयच्या गाइडमध्ये एक साधी कसोटी दिलीय, ती मला फार पटते: मॉडेलला तू जेवढं दिलंयस तेवढंच एखाद्या इंटर्नला दिलं तर त्याला ते फंक्शन बरोबर वापरता येईल का? आपल्याकडे विचार कर की आडत्याच्या गादीवर आज सकाळी एक नवा मुनीम आलाय, हुशार आहे, हिशोबाला पक्का आहे, पण या बाजारातला नाही. त्याच्या हातात 'रेट आणतो' एवढी चिठ्ठी दिलीस तर तो लगेच विचारेल, कुठला रेट, कोणाचा, कशाचा, क्विंटलचा की किलोचा? तो जे जे विचारेल ते सगळं वर्णनात यायला हवं. कारण मुनीम निदान विचारतो तरी, मॉडेल बऱ्याचदा न विचारता अंदाज बांधून पुढे जातं.

आता तुझं बाजारभावाचं टूल मी कसं लिहिलं असतं ते बघ. नाव बाजार_समिती_दर. वर्णन असं:

'महाराष्ट्रातल्या एका बाजार समितीत, एका दिवशी, एका शेतमालाला मिळालेला किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर आणि आवक देतं. सभासद आजचा भाव, रेट, लिलावात काय निघालं असं विचारेल तेव्हा वापरा. सभासदाने आपल्या कंपनीला दिलेल्या मालाचा दर हवा असेल तर हे वापरू नका, त्यासाठी सभासद_खरेदी_दर आहे. उद्याचा किंवा पुढचा भाव या टूलमधून मिळत नाही. सगळे दर रुपये प्रति क्विंटल आहेत, १ क्विंटल म्हणजे १०० किलो. आकडे लिलाव झाल्यानंतर येतात, त्यामुळे सकाळी आजची नोंद नसू शकते. तेव्हा स्थिती नोंद_नाही अशी येते, त्याचा अर्थ भाव शून्य असा नाही.'

लांब वाटतंय? वाटू दे. अँथ्रोपिकच्या डॉक्युमेंटेशनमध्येही प्रत्येक टूलला निदान तीन-चार वाक्यं लिहा, टूल गुंतागुंतीचं असेल तर अजून लिहा असंच सांगितलंय. यातलं एकेक वाक्य तुझ्या पत्रातली एकेक तक्रार मिटवण्यासाठी आहे. सगळ्यात जास्त काम करणारं वाक्य कुठलं म्हणशील तर 'हे वापरू नका, त्यासाठी ते आहे' हे. लोक टूल काय करतं ते लिहितात, काय करत नाही ते लिहीतच नाहीत, आणि गोंधळ कायम दोन सारख्या दिसणाऱ्या टूल्सच्या सीमेवरच होतो. म्हणून सारखी वाटणारी टूल्स जोडीने लिही, याच्या वर्णनात त्याचं नाव आणि त्याच्या वर्णनात याचं. नावंही अशी ठेव की वर्णन न वाचताच फरक दिसेल. गेट_रेट आणि फेच_प्राइस ही नावं तर एकमेकांची अदलाबदल केली तरी कोणाला कळणार नाही.

भाव ० रुपये वाली गोष्ट. ही मला सगळ्यात गंभीर वाटते, कारण ट्रॅक्टर भरायचा की थांबायचं हे शेतकरी त्या उत्तरावर ठरवतो. तुझं टूल नोंद नसली की रिकामी यादी किंवा ० परत देतं ना? मग मॉडेलने काय समजायचं? नोंद नसण्याची कारणं तुमच्याकडे कितीतरी असतात, रविवार, सण, अमावस्येला लिलाव बंद ठेवायची जुनी प्रथा, व्यापाऱ्यांचा किंवा माथाडींचा बंद, नाहीतर नुसतं अजून आकडे आलेले नाहीत. ही सगळी तुला वेगळी ओळखता येणार नाहीत, पण निदान लिलाव_बंद आणि नोंद_नाही या दोन स्थिती वेगळ्या परत दे, आणि सोबत शेवटची उपलब्ध नोंद तिच्या तारखेसकट दे. म्हणजे एजंट सांगू शकेल की आजचे आकडे अजून आले नाहीत, परवाचा सर्वसाधारण दर अमुक होता. शेतकऱ्याला हवं असतं ते हेच. आणि ० हा आकडा माहिती नाही या अर्थाने कुठेही वापरू नकोस, कुठेही म्हणजे कुठेही.

यातून पुढचं येतं की टूल जे परत देतं तेही मॉडेल वाचतंच, तेही वर्णनाचाच भाग धर. तुझ्या उत्तरात फील्डचं नाव नुसतं रेट आहे आणि समोर १८५० असा आकडा. तिथे सर्वसाधारण_दर_रुपये_प्रति_क्विंटल असं फील्डचं नाव कर. बोजड दिसतं, मान्य, पण वर्णनात एकदा सांगितलेलं एकक दहा मेसेजनंतर मॉडेलच्या लक्षात राहील यावर विसंबू नकोस, आकड्याला एकक चिकटलेलं असेल तर त्याला लक्षात ठेवायची गरजच पडत नाही. तुझ्याकडे किलोत विचारणारे सभासद जास्त असतील तर भागाकारही टूलमध्येच कर आणि किलोचा दर वेगळ्या फील्डमध्ये दे, तो मॉडेलवर सोडू नकोस. आवकीचंही तेच, बाजारात बोलताना आवक नगांत सांगतात म्हणजे किती ट्रॅक्टर-पिकअप आले, आणि पणनच्या आकड्यांत ती क्विंटलमध्ये असते, तर आवक_क्विंटल असं स्पष्ट लिही. पुढे ऑनलाइन पेमेंट जोडणार असशील तर तिथे अजून जपून, रेझरपेसारख्या गेटवेच्या एपीआयमध्ये (एका प्रोग्रामने दुसऱ्याशी बोलायच्या सोयीत) रक्कम पैशांत द्यावी लागते, ५०० रुपयांसाठी ५०००० लिहावं लागतं, आणि पॅरामीटरचं नाव नुसतं अमाउंट असेल तर मॉडेल ५०० च लिहिणार.

तारीख. पॅरामीटरमध्ये नुसतं डेट असं लिहिलंयस, फॉरमॅट नाही. '५/६ चा भाव सांगा' असं कोणी लिहिलं तर आपल्याला ५ जून हे लगेच कळतं, मॉडेल कधी ५ जून धरेल कधी ६ मे. फॉरमॅट वर्ष-महिना-दिवस असा पक्का ठरव, पॅरामीटरच्या वर्णनात एक उदाहरण दे, आणि लिही की सभासद तारीख दिवस/महिना अशी लिहितात. आज आणि काल हे मॉडेलला काढायला लावू नकोस, तारीख दिली नाही तर आजची धरली जाईल असं ठेव आणि आजची तारीख कोडमध्ये भारतीय वेळेनुसार काढ. तुझा सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाण वेळेवर) असेल तर पहाटे साडेपाचपर्यंत त्याच्या हिशोबाने कालचाच दिवस चालू असतो, आणि तुझे सभासद गाडी घेऊन निघायच्या आधी, पहाटे चार-साडेचारलाच मेसेज करणार.

बाजार समितीचं नाव मोकळ्या मजकुरात घेतोयस, तेही बदल. पणनच्या यादीत लासलगाव वेगळं, लासलगाव - निफाड वेगळं, लासलगाव - विंचूर वेगळं. पिंपळगाव बसवंत आहे आणि त्याची सायखेड्याची नोंद वेगळी आहे. सभासद म्हणणार 'पिंपळगावला काय चाललंय'. तुमचे सभासद ज्या आठ-दहा बाजारांत माल नेतात तेवढेच एनममध्ये (ठरलेल्या पर्यायांच्या यादीत) टाक, म्हणजे मॉडेलला त्यातलंच एक निवडावं लागेल, आणि ओपनएआय वापरत असशील तर स्ट्रिक्ट मोड चालू कर, म्हणजे स्कीमेबाहेरचं काही येणारच नाही. मग वर्णनात लिही की नुसतं पिंपळगाव म्हटलं तर पिंपळगाव बसवंत धरा, नुसतं लासलगाव म्हटलं तर मुख्य बाजार धरा. हे तुला आणि तुमच्या ऑफिसातल्या माणसांना इतकं पाठ आहे की लिहायचं सुचतच नाही. जे पाठ असतं तेच लिहायचं राहतं.

आणि एरर. समिती सापडली नाही तर तुझं टूल '४०० बॅड रिक्वेस्ट' देतं. यावर मॉडेल काय करणार, तेच परत पाठवणार नाहीतर मनाने काहीतरी सांगणार. त्याऐवजी एररमध्येच लिही की 'सायखेड' या नावाची समिती यादीत नाही, जवळचं नाव पिंपळगाव(ब) - सायखेडा, तेच हवंय का हे सभासदाला विचारा. एरर मेसेज हा मॉडेलला ऐन गरजेच्या वेळी मिळणारा सल्ला असतो, तो माणसासारखा लिही.

आता एक गोष्ट जी तू विचारली नाहीस पण यादीत दिसली आणि मला काळजी वाटली. पट्टी_बघा या टूलला तू सभासद_क्रमांक हा पॅरामीटर ठेवलायस आणि तो मॉडेल भरतं. म्हणजे उद्या एखाद्याने लिहिलं की माझा नंबर अमुक आहे, माझी पट्टी दाखव, आणि तो नंबर शेजारच्याचा असला तर? एजंट दाखवून मोकळा होईल. वर्णनात कितीही कडक लिही की फक्त स्वतःचीच पट्टी दाखवा, वर्णन म्हणजे सूचना असते, कुलूप नसतं. मेसेज कुठल्या फोनवरून आला ते तुझ्या कोडला माहिती असतं ना, मग सभासद क्रमांक कोडनेच भरायचा, स्कीमेतून तो पॅरामीटर काढूनच टाक. जे आपल्याला आधीच माहितीय ते मॉडेलला भरायला लावायचं नाही हा नियम एरवीही चांगला, चुका कमी होतात, पण इथे तर दुसऱ्याच्या पैशाचा हिशोब आहे. ऑफिसातल्या माणसांसाठी नावाने शोधायचं टूल वेगळं ठेव, सभासदांच्या एजंटला ते देऊच नकोस. त्या ऑफिसवाल्या टूलमध्ये एकाच गावात एकाच नावाचे तिघं निघाले तर तिघंही गाव, वडिलांचं नाव आणि क्रमांकासकट परत दे आणि वर्णनात लिही की एकापेक्षा जास्त आले तर स्वतः निवडू नका, विचारा.

तसंच पेमेंट_मंजूर_करा आणि पट्टी_रद्द_करा. एमसीपीमध्ये टूल फक्त वाचणारं आहे की काही बदलून टाकणारं आहे हे सांगायला रीडओन्लीहिंट, डिस्ट्रक्टिव्हहिंट अशी ॲनोटेशन्स आहेत, ती लाव, पण नावातच हिंट आहे, त्यावर सुरक्षा उभी करता येत नाही. पैसे हलवणारं किंवा नोंद पुसणारं काहीही माणसाच्या होकाराशिवाय चालणार नाही हे कोडमध्ये बांध. वर्णनात मग एवढंच लिही की हे टूल मंजुरीसाठी विनंती टाकतं, पैसे लगेच जात नाहीत, म्हणजे एजंट सभासदाला पेमेंट झालं असं सांगून टाकणार नाही.

तुझ्या १४ पैकी चार टूल्स अशी आहेत की एका प्रश्नासाठी चारही लागतात: सभासद शोध, त्याच्या पट्ट्यांची यादी आण, एका पट्टीचा तपशील काढ, पेमेंटची स्थिती बघ. ही तुझ्या एपीआयची रचना आहे, शेतकऱ्याच्या प्रश्नाची नाही. तो विचारतो 'माझे किती पैसे राहिले'. मग एकच टूल कर, सभासद_हिशोब, जे शेवटच्या काही पट्ट्या, हमाली-तोलाई वजा जाऊन निघालेली रक्कम, दिलेले पैसे आणि बाकी एकदम देतं. दरवेळी चार टूल्स ओळीने बरोबर निवडायची म्हणजे चुकायला चार जागा. आणि सगळ्या हंगामाच्या पट्ट्या एकदम ओतू नकोस, अँथ्रोपिकने क्लॉड कोड या आपल्या कोडिंग एजंटमध्ये टूलच्या उत्तरालाच २५,००० टोकनची (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत वाचतं त्यांची) मर्यादा घातलीय, तुला तर त्याच्या जवळपासही जायची गरज नाही, शेवटच्या पाच पट्ट्या पुरेत आणि अजून हव्या असतील तर तारखेची मर्यादा द्या असं उत्तरातच लिही. टूल्सच्या संख्येचं म्हणशील तर ओपनएआय एका वेळी २० च्या आत ठेवा म्हणतं, तू १४ वर आहेस म्हणजे फार नाहीत, पण मला वाटतं तुझं काम आठ-नऊमध्ये आरामात होईल.

हे सगळं वाचून वाटेल की एवढ्याशा शब्दांनी खरंच फरक पडतो का. पडतो. अँथ्रोपिकने डिसेंबर २०२४ मध्ये स्वतःच लिहिलंय की कोडिंग एजंट बनवताना त्यांचा मुख्य प्रॉम्प्टपेक्षा टूल्स सुधारण्यात जास्त वेळ गेला. त्यांचा एजंट दुसऱ्या फोल्डरमध्ये गेला की फाइलचा पत्ता चुकवायचा, कारण टूल रिलेटिव्ह पत्ता घेत होतं. त्यांनी टूल बदलून कायम पूर्ण पत्ताच मागायला सुरुवात केली आणि ती चूक बंद झाली. मॉडेलला सावधगिरीचे उपदेश केले नाहीत, चुकायची जागाच काढून टाकली. दुसरं उदाहरण तर फक्त वर्णनाचंच आहे. त्यांचं वेब सर्च टूल आलं तेव्हा त्यांचं मॉडेल क्लॉड कारण नसताना प्रत्येक शोधाला २०२५ जोडत होतं आणि त्याने शोध बिघडत होते, ते त्यांनी टूलचं वर्णन सुधारून नीट केलं.

आता तुझा तीन पानी सिस्टम प्रॉम्प्ट. तो उघड आणि प्रत्येक नियमाला विचार की हा एका टूलपुरता आहे का. 'भाव सांगताना क्विंटल म्हणा', 'नोंद नसेल तर शून्य म्हणू नका', 'पट्टीचा दर आणि बाजाराचा दर वेगळा', हे सगळे त्या त्या टूलच्या वर्णनात ने आणि प्रॉम्प्टमधून पुसून टाक. दोन्हीकडे ठेवलंस तर उद्या एक बदलशील, दुसरं तसंच राहील आणि मॉडेलला दोन वेगवेगळ्या सूचना मिळतील. एक सुधारलं की दुसरं बिघडतं असं जे तू म्हणतोस ना, त्याचं बरंचसं कारण हेच असणार. प्रॉम्प्टमध्ये राहू दे फक्त जे सगळीकडे लागू आहे ते, कोणाशी बोलतोय, कसं बोलायचं, टूलमधून न आलेला आकडा कधीही सांगायचा नाही.

भाषेचं म्हणशील तर माझं मत असं आहे. वर्णनाचा सांगाडा इंग्रजीत लिहिलास तरी चालेल, देवनागरीला टोकन जास्त लागतात आणि वर्णनं प्रत्येक रिक्वेस्टबरोबर जातात म्हणजे तो खर्च कायमचा आहे. पण सभासद जे शब्द वापरतात ते त्या वर्णनात देवनागरीत, जसेच्या तसे यायलाच हवेत. कांद्याच्या टूलमध्ये उन्हाळ, लाल, पोळ, गोल्टी, खाद हे शब्द आणि त्यातला कुठला शब्द पॅरामीटरच्या कुठल्या पर्यायाशी जुळतो ते लिही. उन्हाळ आणि उन्हाळी एकच, हे लिही. गोल्टी म्हणजे बारीक माल, तो जातीत मोडत नाही तर प्रतीत मोडतो, हे लिही. पट्टी म्हणजे तुमच्याकडे हिशोबाची पावती, हे तर लिहीच. सभासद हे शब्द रोमनमध्येही टाइप करतात, स्पेलिंग प्रत्येकाचं वेगळं, त्याची मात्र फार चिंता नको, ते मॉडेलला बहुतेक वेळा कळतं, लॉगमध्ये (एजंटने काय केलं त्याच्या नोंदीत) चुकलेलं दिसलं तरच घाल. ही शब्दांची यादी तू एकट्याने बसून करू नकोस, तुमच्या खरेदी केंद्रावर जो माणूस वजन करून पट्टी फाडतो त्याच्याजवळ अर्धा दिवस बस आणि लोक काय विचारतात ते लिहून घे. वर्णन किती चांगलं होणार हे त्या अर्ध्या दिवसावर ठरेल असं मला मनापासून वाटतं.

आणि बाहेरचं तयार एमसीपी सर्व्हर जोडणार असशील, हवामानाचं वगैरे, तर त्याच्या टूल्सची वर्णनं आधी स्वतः वाच. ती वर्णनंही तुझं मॉडेल सूचना म्हणूनच वाचणार, आणि त्यात लपवलेल्या सूचना घालून एजंटला भलतंच काम करायला लावता येतं हे २०२५ मध्ये सुरक्षेवर काम करणाऱ्यांनी दाखवून दिलंय.

तपासायचं कसं ते सांगते, कारण याशिवाय तू परत अंदाजानेच बदल करत बसशील. व्हॉट्सॲपवरचे खरे प्रश्न काढ, नावं-नंबर पुसून, तीसेक पुरेत. त्यात सरळ प्रश्न घे, अर्धवट घे ('काय चाललंय बाजारात'), दोन गोष्टी एकत्र विचारलेले घे, आणि असेही घे ज्यात एकही टूल वापरायची गरज नाही, 'राम राम' किंवा 'कांद्यावर करपा आलाय काय फवारू', कारण टूल्स दिली की काही मॉडेल्स उगीचच ती वापरत सुटतात. प्रत्येकासमोर लिही की कुठलं टूल, पॅरामीटर्समध्ये काय भरून लागायला हवं होतं. मग चालव आणि फक्त शेवटचं उत्तर बघू नकोस, टूल कॉल बघ. उत्तर कधीकधी योगायोगाने बरोबर येतं. एका वेळी एकाच टूलचं वर्णन बदल आणि सगळे प्रश्न परत चालव, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. थोडे प्रश्न बाजूला ठेव, वर्णन लिहिताना ते बघूच नकोस, नाहीतर वर्णन फक्त त्या तीस प्रश्नांपुरतंच चांगलं होतं. चुकलेले लॉग दुसऱ्या मॉडेलला देऊन कुठे गोंधळ झाला हे विचारता येतं आणि त्यातून चांगल्या सूचना येतात, पण तू हे टूल का निवडलंस असं त्याच मॉडेलला विचारून मिळालेलं कारण खरंच मानू नकोस, ते पटेल असं काहीतरी सांगतं. कॉलमध्ये काय लिहिलंय ते खरं.

एवढं करून तीच चूक परत परत येत असेल, म्हणजे वर्णन स्पष्ट आहे, नावं वेगळी आहेत, एनम आहे, तरी कॉल चुकतोय, तर मग मोठं मॉडेल त्याच तीस प्रश्नांवर लावून बघ आणि फरकाला किती पैसे पडतात ते बघून ठरव. तेव्हा तो निर्णय आकड्यांवर होईल.

या आठवड्यात चौदाही टूल्सना हात लावू नकोस. बाजारभाव आणि खरेदी दर ही जोडी घे, सभासद क्रमांकाचा पॅरामीटर आजच काढ, आणि नोंद_नाही ची स्थिती घाल. त्यानंतरही बाजारभावात गोंधळ राहिला तर या दोन टूल्सची नवी स्कीमा आणि चुकलेले चार-पाच लॉग मला पाठव, सभासदांची माहिती पुसून, आपण ते ओळीओळीने बघू.